रेशमी भरतकामाला ऊन दाखवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या रेशमी वस्त्रांना वर्षातून एकदा कडक ऊन दाखवावे, असा सल्ला वाचला. गाद्या-गोधड्यांच्या बाबतीत तो रास्तच आहे. जुन्या रेशमी भरतकामाच्या बाबतीत मात्र तो घातक आहे, आणि हे मी स्वतःच्या घरातले नुकसान पाहून लिहीत आहे.

माझे आजोबा बंगाल नागपूर रेल्वेत नोकरीला होते. त्यांनी कलकत्त्याहून आणलेले चिनी भरतकामाचे एक चित्र आमच्या धरमपेठेतील घराच्या बैठकीत सत्तरहून अधिक वर्षे टांगलेले होते. त्यातल्या पांढऱ्या पक्ष्याला घरात सगळे बगळाच म्हणत. माथ्यावरचा लाल ठिपका आणि काळी मान पाहता तो क्रौंच आहे, म्हणजे आपल्या गोंदियाच्या सारसाचा भाऊबंद. चीनमध्ये तो दीर्घायुष्याचे प्रतीक मानला जातो. गेल्या वर्षी चौकट उघडली, तेव्हा समोरून राखी दिसणारी कापडाची जमीन मागच्या बाजूने गडद निळी असल्याचे प्रथमच कळले. मानेचे काळे रेशीम तर बोट लागताच भुग्यासारखे गळू लागले. जुना काळा रंग बहुधा लोहाचे क्षार घालून पक्का केलेला असे आणि त्यामुळे काळे धागे इतरांच्या आधी कुजतात.

प्रकाशाने रंग उडतो एवढे सर्वांना ठाऊक असते. पण त्याने रेशमाचा धागाही ठिसूळ होतो आणि हे नुकसान साचत जाते, भरून येत नाही. म्हणूनच संग्रहालयांत अशा वस्तूंवर साधारण 50 लक्सच (लक्स हे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) प्रकाश ठेवतात. भर दुपारचे ऊन सुमारे एक लाख लक्स असते. म्हणजे गच्चीवरचा एक तास हा संग्रहालयातल्या दोन हजार तासांच्या बरोबरीचा झाला, आणि उन्हातल्या अतिनील किरणांचा मारा त्यात धरलेलाच नाही.

नागपुरात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा 45 अंशांवर आणि हवा कोरडी ठणठणीत असताना आपण दुपारी कूलर लावतो, खोली दमट होते. रात्री तो बंद केला की पुन्हा कोरडी. रेशीम रोज फुगते आणि आकसते. आमचे चित्र नेमके कूलरच्या झोतासमोर होते. शिवाय चौकट करणाऱ्या कारागिराने कापड हार्डबोर्डवर सरसाने चिकटवले होते आणि काच थेट टाक्यांवर टेकवली होती, त्यामुळे पावसाळ्यात काचेच्या आतून ओल धरून पंखांवर बुरशीचे डाग पडले. सरस काढताना निम्मी शेपटी गेली. त्या कारागिराला दोष देत नाही, आम्हीच त्याला काही सांगितले नव्हते.

असे भरतकाम घरी धुऊ नये, रिठ्याच्या पाण्यातही नाही, कारण जुने रंग फुटतात. ते घडी घालून ठेवू नये, घडीवरच धागा तुटतो. सपाट ठेवावे किंवा भरतकामाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर सैल गुंडाळावे, वर धुतलेले, खळ गेलेले मांजरपाट. डांबरगोळ्या कापडाला टेकता कामा नयेत. कसर लागली आहे का, हे दर दोन-तीन महिन्यांनी सावलीत उघडून पाहावे. भिंतीवर लावायचेच असेल तर खिडकीसमोरची आणि बाहेरची भिंत टाळावी, कापड पुठ्ठ्याला चिकटवण्याऐवजी टाके घालून बसवावे आणि काच व कापड यांत अंतर ठेवायला सांगावे.

आपल्याच शहरात 1863 पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजबबंगला, आहे. तेथील जाणकारांनी वर्षातून एखादा दिवस नागरिकांच्या घरच्या अशा वस्तू पाहून सल्ला दिला, तर अनेक पैठण्या आणि शेले वाचतील. तूर्त, उन्हाच्या सल्ल्याची दुरुस्ती दिवाळीची आवराआवर सुरू होण्यापूर्वी पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर