एका हाताचा आउटफिल्डर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आयुष्यभर क्रिकेट पाहणारा मी अचानक बेसबॉलकडे कसा वळलो, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. कारण एकच माणूस आहे, पीट ग्रे. मोठ्या लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च स्तरावर, तो १९४५ चा एकच हंगाम खेळला, तोही सेंट लुईस ब्राउन्सकडून अवघे ७७ सामने.

तो पेनसिल्व्हेनियातील नँटिकोक या कोळशाच्या खाणींच्या गावचा. लहानपणीच्या अपघातात त्याचा उजवा हात कोपराच्या वर कापावा लागला आणि मुळातल्या या उजखोऱ्या मुलाला सगळा खेळ डाव्या हाताने पुन्हा शिकावा लागला.

आउटफिल्ड म्हणजे आपल्याकडचे सीमारेषेजवळचे क्षेत्ररक्षण. मात्र तिथे नुसता चेंडू अडवून भागत नाही. धावपटू पुढच्या बेसकडे, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पुढच्या टप्प्याकडे, निघालेला असल्याने चेंडू तत्क्षणी परत फेकावा लागतो. ग्रे ग्लोव्हमध्ये चेंडू घेई, ग्लोव्ह उजव्या थोटकाखाली दाबून हात मोकळा करी आणि छातीवरून घरंगळणारा चेंडू त्याच हाताने उचलून फेकी. एवढी कसरत करूनही त्याचे अडले ते फलंदाजीत! एका हाताने फिरवलेली बॅट मध्येच थांबवता येत नाही, हे गोलंदाजांनी हेरले आणि ते वेग बदलून त्याला चकवू लागले.

१९४४ मध्ये सदर्न असोसिएशन या खालच्या लीगमध्ये मेम्फिसकडून ०.३३३ ची सरासरी (म्हणजे दर तीन संधींत साधारण एक यशस्वी फटका) राखत ६८ बेस चोरणारा, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पुढचा बेस गाठणारा, आणि त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा माणूस वर आल्यावर ०.२१८ वर घसरला. तरीही फलंदाजीच्या २३४ संधींत तो केवळ ११ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला, ही गोष्ट मला त्या सरासरीपेक्षा मोठी वाटते. खेळाडू युद्धावर गेले म्हणून त्याला जागा मिळाली, हे खरे. प्रेक्षक खेचण्यासाठी आणलेले प्रदर्शन म्हणून काही सहकारी त्याच्याकडे पाहत, हेही खरे. पण प्रदर्शनासाठी उभ्या केलेल्या माणसाला इतक्या हिशेबाने कोणी बाद करीत नसते. युद्ध संपले, मंडळी परतली आणि १९४६ मध्ये ग्रे पुन्हा खालच्या लीगमध्ये गेला. २००२ मध्ये नँटिकोकलाच त्याचे निधन झाले.

काल अंगणात उजवा हात पाठीमागे बांधून मी ते झेलणे-फेकणे करून पाहिले. चेंडू तिन्ही वेळा पायांपाशी पडला. तू यष्टिरक्षक होतास, तेव्हा सुट्टीत आलास की तूही प्रयत्न कर.

तुझा मित्र