डाव्या हाताच्या पाच गोळ्या

सर,

तुम्हाला मी आठवत असेन की नाही, कोण जाणे. शूटिंग रेंजवरच्या शेवटच्या लेनमधली डावखुरी, जिची प्रत्येक गोळी खाली आणि उजवीकडे जायची, एवढं सांगितलं तर कदाचित आठवेल. त्या दिवशी तुमचे आभार मानायचे राहून गेले. राहून गेले म्हणजे काय, तोंड उघडलं असतं तर रडूच फुटलं असतं, म्हणून मी पिस्तूल पुसत बसले. पुसून झालेलं पुन्हा पुसलं. मान वर केली तेव्हा तुम्ही निघून गेला होतात.

पॉइंट टू टूचं, म्हणजे छोट्या काडतुसाचं ते पिस्तूल तेव्हा अगदी नवीन होतं. त्याआधीची सहा वर्षं मी एअर पिस्तूलवर काढलेली. दहा मीटरवरच्या लक्ष्यात मधलं, दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. तिथे मी बरी होते. पंचवीस मीटरवरचं दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटरचं, म्हणजे अंतर अडीचपट पण वर्तुळ चौपटीहून मोठं. हिशेबाने पाहिलं तर हे सोपं जायला हवं होतं. प्रत्यक्षात माझ्या गोळ्या पाचात आणि सहात पडत होत्या, त्याही अगदी इमानेइतबारे एकाच बाजूला. चार महिने हे चाललं.

त्या चार महिन्यांत मदत करणारे कमी नव्हते. उलट फार होते. एकाने सांगितलं, साइट सरकव, म्हणजे पिस्तुलावरची नेम धरायची खूण हलव. मी क्लिक मोजत साइट वर आणि डावीकडे घेत गेले. त्याचा परिणाम असा झाला की चुकून एखादी गोळी नीट सुटली की ती वरच्या डाव्या कोपऱ्यात जायची. चांगल्या गोळीला शिक्षा आणि वाईट गोळीला नऊ! दुसऱ्याने काडतुसांवर संशय घेतला. तिसऱ्याने माझं मनगट बघून मान हलवली आणि पुढे गेला. भिंतीवर तो चुकांचा गोल तक्ता लावलेला असतो ना, गोळी कुठे गेली म्हणजे काय चुकलं ते सांगणारा? तो तर मला निदान पाच जणांनी वाचून दाखवला. तो उजव्या हाताने मारणाऱ्यांसाठी असतो, डावखुऱ्याने आरशात पाहिल्यासारखा उलटा वाचायचा असतो, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, हे कबूल करते. मी कुठल्या हाताने मारतेय हे बघायला कुणी थांबलंच नव्हतं.

एकाने मला कारोली टाकाचची गोष्ट सांगितली. 1938 मध्ये हातबॉम्ब फुटून उजवा हात गेला, मग हंगेरीच्या त्या सैनिकाने डाव्या हाताने सराव केला आणि 1948 आणि 1952 च्या ऑलिम्पिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं. माणूस थोरच. पण मी जन्मापासून डावखुरी आहे हो! मला त्या गोष्टीचं काय करायचं होतं?

आणि सगळ्यात जास्त लागलं ते आणखी वेगळंच. या मदत करणाऱ्यांपैकी तिघांनी माझं पिस्तूल हातात घेतलं, आपापल्या उजव्या हाताने पाच गोळ्या मारल्या, सुरेख ग्रुप काढला, म्हणजे पाचही भोकं जवळजवळ, आणि लक्ष्याचा तो कागद माझ्यासमोर धरला. "बघ, पिस्तुलात काही दोष नाही." म्हणजे दोष कुठे आहे, ते सांगायची गरजच उरली नाही.

म्हणून तुम्ही "जरा देतेस का?" म्हणालात तेव्हा मी मॅगझिन काढून, स्लाइड मागे ओढून पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि मनात म्हटलं, आला चौथा.

तुम्ही ते डाव्या हातात घेतलंत.

तुम्ही उजव्या हाताचे. रेंजवर सगळे तुम्हाला ओळखतात, तुमचा स्कोअर सगळ्यांना पाठ. शेजारच्या दोन लेनमधली मुलं थांबून बघायला लागली होती. तरी तुम्ही सवय नसलेल्या हाताने, वाकडेतिकडे उभे राहून पाच गोळ्या मारल्यात. कागद आला तो माझ्यापेक्षा वाईट. एक तिनात, दोन खाली उजवीकडे, अगदी माझ्या जागी. बाकीच्यांचा पत्ता शोधावा लागला. तुम्ही तो कागद घडी घालून लपवला नाहीत, माझ्या कागदाच्या शेजारी चिमट्याने लावलात आणि म्हणालात, "हां, आता कळलं तुझ्याकडून काय दिसतं ते. अवघड आहे गं."

"अवघड आहे गं." सर, चार महिन्यांत हे मला कुणी म्हणालंच नव्हतं.

पुढे जे शिकवलंत ते इथे उगाळत बसत नाही, ज्यांना यातलं कळतं त्यांना ते माहीतच असेल. तुम्ही माझ्या डाव्या बाजूला उभे राहिलात, जिथून माझा हात दिसतो. मॅगझिन स्वतः भरलंत, मला न सांगता अधूनमधून डमी, म्हणजे बार न होणारी खोटी काडतुसं घालून. तिसऱ्या वेळी ट्रिगर दाबला, नुसतं "टक" झालं आणि नळीने टुणकन खाली बुडी मारली. बार झालाच नव्हता, तरी मी त्याच्या धक्क्याला आधीच उत्तर देऊन मोकळी! एअर पिस्तूलला असा धक्का नसतो, त्यामुळे ही खोड मला नवीनच लागली होती आणि खऱ्या बाराच्या आवाजात, उसळीत ती दिसत नव्हती. चार महिने साइट, काडतुसं, मनगट यांच्यावर फिरलेला संशय त्या एका "टक"मध्ये संपला. मला लाज वाटायला हवी होती. पण शेजारी तुमचा कागद टांगलेला होता ना, त्यामुळे हसू आलं.

दुसरी गोष्ट हिशेबाची. मी हात हलतो म्हणून घाबरायचे आणि नेम क्षणभर मध्यावर आला की ट्रिगर हिसकायचे. तुम्ही काडतुसाच्या डबीच्या मागे लिहून दाखवलंत. दोन साइट्समधलं अंतर वीसेक सेंटिमीटर. पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर सरकली तर पंचवीस मीटरवर गोळी साडेबारा सेंटिमीटर भरकटते, म्हणजे दहाच्या मध्यावरून थेट सहाच्या काठावर. आणि अख्खा हात सरळच्या सरळ एक सेंटिमीटर हलला तर? गोळी एकच सेंटिमीटर बाजूला, दहातच. "हात हलणारच, हलू दे. साइट एकमेकींना सोडू नकोत." मग साइटच्या सगळ्या क्लिक परत घ्यायला लावल्यात आणि आठवडाभर कोऱ्या कागदावर मारायला सांगितलंत. गोल नसला की हिसकायला निमित्तच उरत नाही, हे तिसऱ्या दिवशी कळलं.

या खेळात चांगले नेमबाज पुष्कळ भेटतात. दुसऱ्याला धीर यावा म्हणून स्वतःचं हसं होऊ देणारा मला तुमच्याआधी एकही भेटला नव्हता. ज्ञान तर त्या बाकीच्यांकडेही होतंच, डमीची युक्ती त्यातल्या निम्म्यांना नक्की माहीत असणार. पण त्यांना मी चुकतेय हे दाखवायची घाई होती. समोरच्याच्या बाजूला जाऊन उभं राहायचं म्हणजे आधी आपली जागा सोडावी लागते आणि नाव असलेल्या माणसाला ते जड जातं. हे फक्त रेंजवरच होतं असंही नाही. माझ्या नोकरीत मी स्वतः किती नवख्यांना असे सुरेख ग्रुप दाखवलेत, हे आठवून त्या रात्री झोप लागली नव्हती.

आता ग्रुप आठाच्या आत बसतो. रोज नाही. गेल्या आठवड्यात पुन्हा दोन गोळ्या खाली उजवीकडे गेल्या आणि मी न बोलता डमी काढल्या. मॅगझिन भरायला शेजारच्या लेनमधल्या मुलीला सांगितलं, तीही आता माझ्याकडून तेच करून घेते.

तुमचा तो कागद तुम्ही चिमट्यालाच विसरून गेलात. मी तो घरी आणला आहे आणि परत करणार नाही. त्याला एक कोपरा कोरा आहे. पुढच्या वेळी भेटलात की तिथे सही हवी आहे. डाव्या हाताने.

तुमची,
शेवटच्या लेनमधली