पहिली रायफल सेमी-ऑटोमॅटिकच हवी का?

माननीय संपादक महोदय,

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून गोव्यातही नेमबाजीची चौकशी करणारे तरुण आणि त्यांचे पालक वाढले आहेत. फोंडा तालुक्यात मुलांना नेमबाजी शिकवत असल्यामुळे त्यांच्यापैकी अनेकांशी माझे बोलणे होते, आणि त्यातला एक प्रश्न इतक्या वेळा कानावर येतो की त्याचे उत्तर आपल्या वृत्तपत्रातून सर्वांपर्यंत पोहोचावे असे वाटते. प्रश्न असा, की खिशाला परवडेल अशी पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल कोणती घ्यावी?

हा प्रश्न मुलांच्या मनात येतो तो मोबाइलवर पाहिलेल्या अमेरिकन चित्रफितींमुळे. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे अर्धस्वयंचलित रायफलमध्ये चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मात्र त्या गोळीच्या जोरावरच रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि पुढचे आपोआप नळीत येऊन बसते. अमेरिकेत १९६४ पासून विकली जाणारी, दहा काडतुसांचे गोल फिरते मॅगझिन असलेली रुगर १०/२२ ही तेथील असंख्य घरांतली पहिली रायफल आहे. तिची .२२ ची, म्हणजे साधारण ०.२२ इंच व्यासाची काडतुसे स्वस्त असतात आणि धक्का फारसा बसत नाही, त्यामुळे तेथील जाणकार नवशिक्याला ती सुचवतात, आणि तेथील कायद्यात व परिस्थितीत तो सल्ला योग्यच आहे. तोच सल्ला म्हापशाच्या किंवा सांग्याच्या मुलाने जसाच्या तसा उचलला, तर मात्र त्याची वाट पहिल्याच पावलाला चुकते.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. त्यांत अर्धस्वयंचलित रायफल निर्बंधित शस्त्रांच्या वर्गात येते आणि तिचा परवाना देणे जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नसते. ‘ओळखीने होऊन जाईल’ असे सांगणारा कोणी भेटलाच, तर पालकांनी त्याच्यापासून चार हात दूर राहावे. विनापरवाना शस्त्र बाळगणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा आणखी कडक झाली आहे.

कायद्याहूनही महत्त्वाची गोष्ट मुलांना ठाऊक नसते, ती अशी की ऑलिंपिकच्या एकाही रायफल प्रकारात अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही. कुसाळे यांनी अंतिम फेरीत ४५१.४ गुण कमावले ते दर वेळी एकेक काडतूस हाताने भरून. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ असते १०.४ मिलिमीटरचे, तर १० मीटर एअर रायफलमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाने छरा सोडणाऱ्या रायफलच्या प्रकारात, तो अवघा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. तो ठिपका साधताना पुढची गोळी किती लवकर तयार झाली याला काहीच महत्त्व नसते. अभिनव बिंद्रा यांचे २००८ चे सुवर्णपदक एअर रायफलचेच होते.

दुसरी चौकशी काजू बागायतदारांची असते. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या भागांत रानडुक्कर, गवा रेडा आणि खेती (माकडे) यांनी बागायती आणि कुळागरांची जी नासाडी चालवली आहे ती मी जवळून पाहतो, आणि त्या माणसाचा संताप मला समजतो. पण पीकसंरक्षणासाठी कायद्याने सांगितलेली बंदूक ठासणीची आहे, आणि तिचा परवाना हा जनावर मारण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन खात्याची वेगळी परवानगी लागते, आणि गवा तर आपला राज्यप्राणी आहे. जनावर पांगवायला आवाज पुरतो. शिवाय या शेतकऱ्याची खरी अडचण निराळीच आहे: २०२२ चे विधानसभेचे मतदान १४ फेब्रुवारीला आणि २०२४ चे लोकसभेचे मतदान ७ मे रोजी, म्हणजे दोन्ही काजूच्या हंगामात झाले, आणि निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्यावर शासनाने उपाय शोधायला हवा. अर्धस्वयंचलित रायफलने ही अडचण सुटणार नाही.

मग पहिली रायफल कोणती? माझे उत्तर ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासाची एअर रायफल हे आहे. या व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, आणि स्पर्धेतील एअर रायफल साधारण साडेसात ज्यूलवरच चालते. परवाना लागत नाही म्हणून पाखरे टिपायला मोकळीक मिळते असा समज मात्र कोणी करून घेऊ नये; तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

अगदी सुरुवातीला नळी वाकवून स्प्रिंग ताणायची देशी बनावटीची रायफल पुरते. स्पर्धेत उतरायचे ठरले की सिलिंडरमध्ये दाबलेली हवा भरायची रायफल लागते, आणि तेथे पालकांची फसगत होण्याचा संभव जास्त असतो. सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाने हवा भरावी लागते, त्यामुळे पंपाचा किंवा मोठ्या टाकीचा खर्च रायफलच्या किमतीत आधीच धरावा. वापरलेली रायफल स्वस्तात मिळत असेल तर दस्त्याची चकाकी पाहण्याआधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचावी, कारण बनवल्यापासून दहा वर्षे उलटलेला सिलिंडर आंतरराष्ट्रीय नियमांच्या स्पर्धेत चालत नाही आणि नवा घ्यायला गेल्यावर वाचवलेले पैसे तेथेच जातात. नंतर मुलाच्या हाती रायफल देऊन दस्ता त्याच्या अंगाला बसतो का ते पाहावे. मोठ्या माणसाच्या मापाचा दस्ता असला की बारा-तेरा वर्षांचे मूल मान पुढे ताणते, गाल दस्त्यावर टेकत नाही, डोळा पीप साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या बारीक छिद्राच्या मागे नीट येत नाही, आणि काही मिनिटांतच खांदे थरथरू लागतात. ही सवय एकदा अंगात मुरली की मोडायला फार त्रास होतो. म्हणून दस्त्याची लांबी आणि गालाची पट्टी कमी-जास्त करता येणारी साधी रायफल मी नेहमीच महागड्या पण न बसणाऱ्या रायफलच्या वर ठेवीन.

छऱ्यांचा खर्चही कोणी आधी मोजत नाही. पात्रता फेरी ६० नेमांची असते. तेवढाच रोजचा सराव धरला तरी ५०० छऱ्यांची डबी जेमतेम आठ दिवस पुरते. जॅकेट, पँट, बूट आणि हातमोजा हे सारे पहिल्या वर्षी नाही घेतले तरी चालते.

.२२ ची पायरी त्यानंतरची. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या रायफल क्लबच्या सदस्याला लक्ष्यसरावासाठी .२२ बोअर रायफलचा परवाना देण्याची तरतूद कायद्याच्या कलम १३ मध्येच आहे. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण, जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज आणि पोलिसांचा अहवाल असा तो मार्ग आहे. शिवाय २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात, पण क्लबच्या सदस्याने सरावासाठी वापरलेल्या .२२ रायफलला ही मर्यादा लागू नाही. आजोबांची दुनळी ज्यांच्या नावावर आली आहे, त्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

२०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्याने भरवल्या. १० मीटरच्या सरावाला एक लांबट बंदिस्त सभागृह, लक्ष्यामागे भक्कम आडोसा आणि जबाबदार प्रशिक्षक एवढेच लागते, आणि अशी सभागृहे अनेक तालुक्यांत आहेत. गोवा क्रीडा प्राधिकरणाने प्रत्येक तालुक्यात क्लबच्या मालकीच्या चार-पाच एअर रायफली ठेवल्या, तर पहिले वर्षभर कोणत्याही पालकाला रायफल विकत घ्यावी लागणार नाही. त्याचबरोबर राज्यातील सर्व जिल्हाधिकारी कार्यालयांनी परवान्याची पद्धत, लागणारी कागदपत्रे आणि सामान्य नागरिकाला न मिळणाऱ्या शस्त्रांची यादी मराठीत आणि कोकणीत छापून दर्शनी फलकावर लावावी, अशी माझी आपल्यामार्फत विनंती आहे.

आपला नम्र,
एक नेमबाजी प्रशिक्षक, फोंडा