लुगड्याचा उडालेला तांबडा

पुणे, रविवार

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार. आधी कबुली देतो, मग हव्या तेवढ्या शिव्या घाल. तू दिलेलं वाईच्या घाटाचं चित्र मी पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलं होतं ना, त्यातला तांबडा पार उडाला. धुणं धुणारी बाई आता फिकट गुलाबी लुगडं नेसून बसली आहे.

लक्षात आलं ते विन्स्लो होमर या अमेरिकन चित्रकारामुळे. आठवडाभर त्याचीच जलरंगचित्रं बघतोय. हा गडी १८३६ सालचा, बॉस्टनचा. विशीच्या आतच शिळाछापखान्यात उमेदवारीला लागला; एकविसावं लागताच बाहेर पडला आणि पुन्हा कुणाची चाकरी केली नाही. ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकाला चित्रं द्यायचा, यादवी युद्धातल्या छावण्यांचीसुद्धा. तेव्हाची छपाई लाकडी ठोकळ्यांवरची. पांढरं हवं तिथलं लाकूड कोरून टाकायचं, उरेल त्यालाच शाई. मला वाटतं, जलरंगाला त्याचा हात तिथंच तयार झाला. पांढरं लावायचं नसतं रे, राखायचं असतं! आपले सर हेच ओरडून सांगायचे आणि आपण गुपचूप पोस्टरचा पांढरा फासायचो.

जलरंग त्यानं मनावर घेतले ते थेट सदतिसाव्या वर्षी, १८७३ च्या उन्हाळ्यात, ग्लॉस्टर बंदरावर. आई जलरंगात रंगवायची, तरी इतका उशीर. दोनच वर्षांत मासिकांचं काम सोडलं. पुढं पुढं तर वाळलेला रंग सुरीनं खरवडून खालचा कागद उघडा करायचा. लाटेवरची चमक अशी निघते.

तर मुद्दा असा. १८८७ चं त्याचं एक चित्र आहे, शेतातल्या पोराचं. मागचं आभाळ जवळजवळ कोरं. मला वाटलं, काय धाडस! पण शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये तपासलं, तर कागदात तांबड्या रंगाचे कण सापडले. ते भडक मावळतीचं आभाळ होतं, उजेडानं खाल्लं. मी मान वर केली आणि समोर तुझी बाई.

चित्र आता जिन्याजवळ हलवलंय, तिथं ऊन येत नाही. तिचा पदर डाव्या कडेला माउंटच्या पुठ्ठ्याखाली गेलाय, तेवढा तरी तांबडा राहिला असेल. फ्रेम अजून उघडलेली नाही. दिवाळीत येशील तेव्हा दोघं मिळून उघडू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप