मासिकांची वेष्टने फेकू नका : मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि जुनी मराठी छापील साधने जपण्याच्या कामाला पुन्हा जोर आला. जुनी पुस्तके, मासिके, वर्तमानपत्रे स्कॅन करण्याचे काम तर त्याआधीपासूनच ठिकठिकाणी चालू आहे. या कामाबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच लिहितो. माझी मागणी एवढीच की स्कॅन करताना जाहिरातींचे एकही पान वगळू नये, आणि ही अट निविदेतच घातलेली असावी.

मी नाशिकचा. उभे आयुष्य औषधांच्या दुकानात काउंटरमागे गेले. निवृत्तीनंतर एकोणिसाव्या शतकातल्या औषधांच्या जाहिराती शोधू लागलो, आणि लक्षात आले की नेमकी तीच पाने जागेवर नाहीत.

ती का नाहीत, हे आधी सांगतो. जुन्या मासिकांत जाहिराती बहुधा बाहेरच्या रंगीत कागदावर, म्हणजे वेष्टनावर असत. वर्षाचे बारा अंक एकत्र बांधायला दिले की बाइंडर वेष्टने काढून टाकी. बांधणी जाड होते आणि 'आत वाचण्यासारखे काही नाही' म्हणून. वेष्टनावर पृष्ठांक नसतो. त्यामुळे पान क्रमांक १ ते शेवटपर्यंत सगळे जुळते, तपासणारा 'अंक पूर्ण' असा शेरा मारतो आणि काय गेले ते कोणालाच कळत नाही. वर्तमानपत्रांचे निराळे. तिथे जाहिराती पहिल्या आणि शेवटच्या पानावर. बाहेरचा कागद आधी फाटतो, आधी भिजतो, वाळवीही तिथूनच सुरुवात करते. एका ग्रंथालयात मी एका मासिकाच्या वेष्टनांबद्दल विचारले तेव्हा तिथल्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितले, "अहो, ती सुटी पाने होती, मागेच रद्दीत गेली." त्यांना मी दोष देत नाही. जपा असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

इंग्रज सरकारनेही ती जपली नाहीत. देशी वर्तमानपत्रांत काय छापून येते याचा इंग्रजी गोषवारा मुंबई सरकार दर आठवड्याला तयार करून घेई. हे अहवाल आज अभ्यासकांना फार उपयोगी पडतात. पण त्यांत सरकारवरची टीका, दुष्काळ, कर, न्यायालये, धर्म यांवरचा मजकूर. गोळ्या आणि मलमांची जाहिरात राज्याला धोकादायक नव्हती, म्हणून ती कोणी उतरवून घेतली नाही. मूळ पान गेले की जाहिरातीला दुसरा कसलाच आधार उरत नाही.

आता त्या पानांत काय असते ते सांगतो.

१८४० पासून नाशिकला सार्वजनिक वाचनालय आहे. १८६५ मध्ये थळ घाटातून आगगाडी वर आली आणि मुंबईचा माल व मुंबईची पत्रे इथे सहज पोचू लागली. शेजारी देवळालीला गोऱ्या सैनिकांची छावणी. १८७७ मध्ये टपालखात्याने व्ही. पी. (व्हॅल्यू पेएबल पोस्ट) सुरू केली. माझ्या मते आपल्याकडच्या औषधांच्या व्यापाराला सगळ्यांत मोठी कलाटणी या सोयीने दिली. आधी पैसे पाठवून अनोळखी माणसावर विश्वास टाकण्याची गरज राहिली नाही. पार्सल दारात आले की पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवायचे. ज्या दुखण्याचे नाव गावातल्या वैद्यासमोर काढायला माणूस लाजे, त्याचे औषधही आता बंद पुडक्यात येऊ लागले. 'ट. ख. निराळा' (म्हणजे टपालखर्च वेगळा), 'नकली मालापासून सावध', 'एजंट पाहिजेत' ही सगळी भाषा याच व्यवहाराची. शाळेच्या क्रमिक पुस्तकात शिकवली न जाणारी, पण गावोगाव वाचली जाणारी ही मराठी. आपल्या विभागाचा संबंध इथे थेट येतो.

जाहिरातीचे पान हातात धरून पाहिले तर आधी दिसतो तो बोट दाखवणारा हाताचा ठसा, ओळीच्या डाव्या अंगाला. मग जाड टायपात औषधाचे नाव. त्याखाली रोगांची यादी, आणि ती संपता संपत नाही : हिवताप, पानथरी (प्लीहा वाढणे), पटकी (कॉलरा), मोडशी (अजीर्ण), खरूज, नायटा, मूळव्याध, परमा (एक गुप्तरोग), प्रदर (बायकांच्या अंगावरून जाणे). मग अनुपान, म्हणजे औषध कशाबरोबर घ्यायचे ते, मग किंमत रुपये-आण्यांत. अग्रलेखात तेव्हा सुधारणा आणि शिक्षण यांवर वाद चालू होता, पण घराघरांत माणसे कशाने बेजार होती हे या यादीतून समजते. बायकांच्या दुखण्यांबद्दल तर त्या काळच्या मराठीत उघडपणे छापलेले इतके थोडे सापडते की प्रदरावरच्या औषधाच्या चार ओळीही टाकून देण्यासारख्या नाहीत.

हॉलोवेच्या गोळ्या आणि मलम घ्या. लंडनच्या टॉमस हॉलोवेने हा धंदा १८३७ च्या सुमारास सुरू केला आणि जाहिरातीच्या जोरावर जगभर पसरवला. औषधासोबतच्या सूचना त्याने हिंदुस्थानातल्या अनेक भाषांत छापून घेतल्या होत्या. तो १८८३ मध्ये वारला, तेव्हा जाहिरातींवरचा त्याचा वर्षाचा खर्च ५०,००० पौंडांच्या घरात होता असे सांगतात. त्या पैशातून लंडनजवळ उभे राहिलेले मुलींचे कॉलेज १८८६ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते उघडले. त्यात इथल्या गिऱ्हाइकांचे किती आणे गेले, याचा हिशोब कोणीच मांडलेला नाही. इंग्लंडच्याच बीचमच्या गोळ्यांची जाहिरात असे की डबी एका गिनीच्या, म्हणजे एकवीस शिलिंगांच्या मोलाची आहे. १९०९ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने अशा गुप्त औषधांची तपासणी करून घेतली, तेव्हा या गोळ्यांत निघाले काय? काळा बोळ, सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांचा कच्चा माल अर्ध्या फार्दिंगचा, आणि फार्दिंग म्हणजे पाव पेनी. काळा बोळ आणि सुंठ नाशिकच्या कोणत्याही काष्ठौषधीच्या दुकानात तेव्हाही मिळे, आजही मिळते. पुष्कळ घरांत तर ती बटव्यातच असे. हे वाचले त्या दिवशी मला राग आला, तो अजून गेलेला नाही.

क्लोरोडाइनची गोष्ट याहून गंभीर. ब्रिटिश लष्करातला डॉक्टर जॉन कॉलिस ब्राउन हिंदुस्थानात असताना, १८४८ मध्ये, पटकीवर म्हणून त्याने हे मिश्रण तयार केले. त्यात अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. जुलाब थांबत, वेदना थांबत, म्हणून लोकांचा विश्वास बसे, सवयही लागे. पुढे हे औषध खोकल्यापासून झोप न येण्यापर्यंत सगळ्याला चालते असे सांगून विकले गेले. कोणत्या वर्षी कोणता दावा वाढला, मराठीत तो कोणत्या शब्दांत केला गेला, हे शोधायचे तर सलग वर्षांच्या जाहिराती लागतात. एखाददुसरा नमुना पुरत नाही.

आपले वैद्यही गप्प बसले नाहीत. १८७२ पासून पनवेलला आयुर्वेदिक औषधे बनवण्याचा कारखाना आहे. काढे आणि मात्रा बाटलीत भरून, लेबल लावून, जाहिरात देऊन विकणे आपल्याकडेही रुळले. १९०७ मध्ये शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलन नाशिकलाच सुरू झाले. त्या घडामोडीमागे पेटंट औषधांच्या बाजाराचा धक्का किती होता, याचा अभ्यास नाशिकमध्ये बसून व्हायला हवा. साधने मात्र आपण पृष्ठांक नाहीत म्हणून घालवत आहोत.

शासनालाही याचा उपयोग आहे. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहे, तरी मधुमेह मुळापासून घालवण्याचे दावे आज मोबाइलवर रोज येतात. हेच दावे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणत्या शब्दांत केले जात होते हे मूळ पानासह दाखवता आले, तर आरोग्यशिक्षणाला त्यापेक्षा चांगले साधन मिळणार नाही.

म्हणून निविदेत स्पष्ट लिहावे : अंक वेष्टनापासून वेष्टनापर्यंत स्कॅन करावा, पृष्ठांक नसलेली पाने, पुरवण्या, आत चिकटवलेली हस्तपत्रके यांचीही प्रतिमा घ्यावी, वेष्टन नसेल तर नोंदीत 'वेष्टन नाही' असे लिहावे. या शेवटच्या वाक्याला फारसा खर्च नाही, पण दुसऱ्या गावात तोच अंक वेष्टनासह सापडला तर पोकळी कुठे भरायची ते त्यामुळे कळेल. जाहिरातींतील औषधांची नावे शोधयादीत यावीत. आणि १८८० नंतरच्या अंकांपासून सुरुवात करावी. लाकडाच्या लगद्याचा तो कागद पिवळा पडून घडीवरच तुटतो, त्याआधीचा चिंधीचा कागद अजून बरा टिकला आहे.

नाशिकपुरती आणखी एक विनंती. जुन्या गावठाणातले वाडे भराभर पाडले जात आहेत. आमच्या आळीतला वाडा उतरवताना माळ्यावर व्ही. पी.च्या पावत्यांची एक चळत निघाली, काहींच्या मागे औषधांच्या किमती शाईने लिहिलेल्या. मी पोचेपर्यंत अर्धी चळत रद्दीवाल्याच्या गाडीत चढली होती. उरलेली माझ्याकडे आहे. आपला विभाग म्हणेल त्या सार्वजनिक संग्रहाला ती विनाअट देईन. अशी कागदपत्रे लोकांनी कुठे आणून द्यायची, याचा एक पत्ता आणि एक जबाबदार अधिकारी नाशिकसाठी येत्या पावसाळ्याआधी जाहीर करावा.

आपला,
एक निवृत्त औषध दुकानदार, नाशिक