मुलाखतीआधी ताळेबंद बघ

चि. ऋतास अनेक आशीर्वाद.

इंटरनॅशनल क्रायसिस ग्रुपकडून मुलाखतीचं बोलावणं आलं, याचा आम्हा दोघांनाही फार आनंद झालाय. बोस्नियाच्या युद्धात जग वेळेवर जागं झालं नाही, त्या अनुभवातून १९९५ साली ही संस्था उभी राहिली. युद्ध पेटण्याआधीच सावध करणं हे काम तुझ्या मनाजोगं आहे. पण मी आयुष्यभर सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासले, त्यामुळे संस्थेचं नाव ऐकलं की मला आधी तिचा ताळेबंद बघावासा वाटतो.

सरकारचा पैसा घेतला की संस्था मिंधी झालीच, असं तू फोनवर म्हणालीस. मला ते पटत नाही. जगातल्या शस्त्रव्यवहाराचा अभ्यास करणारी स्टॉकहोमची सिप्री ही संस्था १९६६ पासून बऱ्याच अंशी स्वीडिश सरकारच्या अनुदानावर चालते, आणि तरी स्वीडन कोणाला शस्त्रं विकतो तेही छापते. भारताच्या शस्त्रखरेदीच्या बातम्या आपण वाचतो, त्यातले आकडे बहुधा तिचेच असतात.

पैसा कोणत्या अटीवर येतो, आणि एकाच्या मनात आलं म्हणून तो थांबू शकतो का, हे मी आधी बघेन. वॉशिंग्टनची यू. एस. इन्स्टिट्यूट ऑफ पीस अमेरिकी काँग्रेसने १९८४ साली कायद्याने स्थापली. तिच्या कार्यक्रमांसाठी खासगी देणग्या घ्यायला कायद्यानेच मनाई होती. हेतू चांगला, पण त्यामुळे सगळी मदार सरकारी तिजोरीवर राहिली. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने बहुतेक संचालकांना काढलं, प्रशासनाची माणसं पोलिसांच्या मदतीने इमारतीत शिरली आणि महिना संपायच्या आत बहुतेक कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. मे महिन्यात न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी हे बेकायदा ठरवलं. जूनमध्ये वरच्या न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. वर्षानुवर्षं अशांत देशांत काम केलेल्या त्या माणसांचं वाचून मला फार वाईट वाटलं.

खासगी पैशातही धोका आहेच. इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यातला ऑस्लो करार घडवणाऱ्यांपैकी एक, तेर्ये रॉड-लार्सन, यांना न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल पीस इन्स्टिट्यूटचं अध्यक्षपद २०२० मध्ये सोडावं लागलं, ते लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या जेफ्री एपस्टीनशी संबंधित देणग्यांमुळे.

क्रायसिस ग्रुप सरकारं, प्रतिष्ठानं आणि व्यक्ती अशा तिन्हींकडून निधी घेतो. सुरुवातीच्या दात्यांत अमेरिकी अब्जाधीश जॉर्ज सोरोस होते. आपल्याकडे ते नाव निघालं की लोक पुढचं ऐकून घेत नाहीत. तू मात्र पुढचं बघ. कोणताही एक दाता निघून गेला तरी संस्था उभी राहील का? किती निधी मुक्त आहे आणि किती ठरावीक देशाच्या ठरावीक प्रकल्पाला बांधलेला? बांधलेल्या पैशामुळे कोणी खोटं लिहीलच असं नाही. पण ज्या संघर्षात दात्यांना रस नाही, तिथे संशोधकच नेमला जात नाही, आणि तिथल्या माणसांबद्दल वेळेत कोणी बोलत नाही. मला जास्त काळजी त्याची वाटते.

हे सगळं मुलाखतीत निःसंकोच विचार. दात्या सरकारांवर टीका करणारे त्यांचे अहवाल कोणते, तेही विचार. आणि गेल्या दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मला पाठव. रविवारी बसून वाचतो आणि रात्री फोन करतो.

तुझे,
बाबा