कॉर्डलेस घ्या, पण वायरचा फोन काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठांच्या घरासाठी कॉर्डलेस फोन कसा निवडावा, यावर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला होता. रंग, रेंज, स्क्रीन, किती नंबर साठवता येतात, सगळं त्यात आहे. मी टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होतो. मिरज-सांगली पट्ट्यात डीपी (टेलिफोनच्या वायरी जोडायची पेटी) उघडण्यात आणि पावसाळ्यात भिजलेले जॉइंट सुकवण्यात नोकरी गेली. त्यामुळे लेखात नसलेलाच प्रश्न माझ्या मनात पहिला आला: लाइट गेल्यावर हा फोन चालतो का?

बहुतेक मॉडेल चालत नाहीत. हँडसेटमध्ये सेल असतात म्हणून लोक निर्धास्त असतात. पण हँडसेट बोलतो बेसशी, म्हणजे लाइन जोडलेल्या मुख्य डब्याशी, आणि बेस जगतो भिंतीतल्या प्लगवर. साध्या वायरच्या फोनला एक्स्चेंजमधून तांब्याच्या दोन तारांवरूनच ४८ व्होल्ट मिळतात. तिथल्या बॅटरी रूममधली शिशाच्या बॅटऱ्यांची रांग आणि मागचं इंजिन त्यासाठीच होतं. सगळं गाव अंधारात असलं तरी रिसीव्हर उचलला की टोन यायचा.

फायबर आलं तिथे हे संपलं. आता फोनची वायर फायबरच्या मोडेममधून निघते आणि मोडेम विजेवर चालतो. तेव्हा मोडेम आणि बेस, दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्यावेत. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस बहुधा १२ व्होल्टचा असतो, कॉर्डलेसच्या बेसला बऱ्याचदा त्याहून कमी लागतात. अडॅप्टरवरचा आकडा वाचल्याशिवाय पिन खुपसू नका.

दुसरं, अमेरिकेतून येणारा फोन. मुलगा सुट्टीला येताना प्रेमाने घेऊन येतो, दोन-तीन हँडसेटचा, दिसायला झकास. आपल्याकडे घेऊ नये. तिथले डेक्ट (डिजिटल कॉर्डलेसचं तंत्र) फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात, युरोपातले १८८० ते १९०० वर. १९२० च्या पुढचा पट्टा आपल्याकडे मोबाइल सेवेचा. तुमच्या बेसचा गोंगाट जवळच्या टॉवरला ऐकू जातो आणि गल्लीतल्या लोकांचे कॉल बिघडतात, तुम्हाला मात्र पत्ता नसतो. शिवाय त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असला, तर आपल्या २३० वर लावताच धूर. फोन इथल्याच दुकानातून, बिलासकट घ्यावा.

रेंजबद्दल फार बोलत नाही. डब्यावर लिहिलेले तीनशे मीटर मोकळ्या मैदानातले. आमच्या वाड्याच्या दगडी भिंतींपुढे दोन खोल्यांतच आवाज तुटायला लागतो. बेस घराच्या मध्यावर, जरा उंचावर ठेवला की बरंच काम होतं.

खरी परीक्षा म्हातारं माणूस घेतं. माझी आई देवघरात हँडसेट ठेवते आणि स्वयंपाकघरात शोधते. बेसवरचं पेज बटण दाबलं की तो ओरडतो, म्हणून हे बटण असलेलंच मॉडेल घ्यावं. पाळण्यातून (चार्जिंगच्या खाचेतून) उचलल्यावर हँडसेट आपोआप चालू होतो, पण टेबलावरून उचलला तर हिरवं बटण दाबावं लागतं. आई न दाबताच ‘कोण बोलतंय?’ विचारत बसते. लाल बटण दाबायचं राहिलं की लाइन तासभर एंगेज आणि पुण्याची बहीण काळजीत. मोठी बटणं आणि खणखणीत रिंग याला महत्त्व द्यावं, रंगीत स्क्रीनला नव्हे. कानाला मशीन असेल तर ते लावूनच दुकानात बोलून बघावं. काही सेटवर मशीन गुणगुणतं.

सेलचंही सांगतो. साध्या ट्रिपल-ए आकाराचे निकेल मेटल हायड्राइड सेल बसणारा सेट घ्या, ते कुठेही मिळतात. वायर जोडलेला खास पॅक संपला की शोधत फिरावं लागतं. घड्याळाचे सेल मात्र त्यात घालू नयेत, पाळण्यात चार्ज होताना ते गळतात. फोन करणाऱ्याचा नंबर दिसायला हवा असेल तर डब्यावर डीटीएमएफ आणि एफएसके दोन्ही लिहिलंय का बघा. आपल्याकडे दोन्ही पद्धतींनी नंबर येतो.

आणि जुना वायरचा फोन भंगारात देऊ नका. त्याच लाइनला समांतर जोडून आईच्या खाटेशेजारी ठेवा. तांब्याची लाइन असेल तर लाइट नसतानाही त्यावरून ११२ हा आपत्कालीन नंबर लागेल.

आपला,
एक निवृत्त केबल जॉइंटर, मिरज